ग्रॅनाइट आयलंड: घोड्याची ट्राम, देवमासे आणि पेंग्विन एकाच दिवसात कसे जमवायचे

अ‍ॅडलेडला मुलाकडे किंवा मुलीकडे आलेल्या आई-बाबांना एखाद्या रविवारी व्हिक्टर हार्बरला नेलं जातंच. बारा वाजता पोचायचं, घोड्याच्या ट्राममध्ये बसून फोटो काढायचे, चिप्स खायच्या, आइस्क्रीम घ्यायचं आणि चारच्या सुमाराला गाडी परत वळवायची. अशा सहलीत ट्राम मिळते, पण बाकी बरंच हुकतं. पेंग्विन अंधार पडल्यावर पाण्यातून वर येतात, तेव्हा मंडळी घरी पोचून जेवायला बसलेली असतात. आणि सुट्टी म्हणून जानेवारी निवडला असेल, तर त्या महिन्यात देवमासे या किनाऱ्यावर नसतातच.

म्हणून इथला दिवस प्राण्यांच्या वेळेप्रमाणे आखावा आणि ट्राम त्यात मध्ये बसवावी. ट्राम रोज दिवसा धावते, ती कुठेही बसते.

आधी जागा समजून घेऊ. व्हिक्टर हार्बर हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं समुद्रकाठचं छोटं शहर, अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर. त्याच्या समोरच, किनाऱ्यापासून जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटर आत ग्रॅनाइट आयलंड आहे. बेट केवढं? सुमारे २६ हेक्टर. रमतगमत फिरलं तरी तासाभरात फेरी पूर्ण होते. शहर आणि बेट एका पुलाने जोडलेलं आहे. इथे सगळे त्याला कॉजवे म्हणतात. बेटावर जायला तिकीट नाही आणि कॉजवेवरून चालत जाणं फुकट आहे. पैसे पडतात ते ट्रामचे आणि रात्रीच्या पेंग्विन फेरीचे.

पहिली पायरी: महिना निवडा

माझं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर. तिकडे तो हिवाळा असतो आणि इथले लोकही तुम्हाला सांगतील की बीचवर जायचं तर उन्हाळ्यात या. पण तुम्ही पोहायला येत नाही आहात.

सदर्न राइट व्हेल जातीचे देवमासे मे ते ऑक्टोबर या काळात अंटार्क्टिकाकडच्या थंड पाण्यातून या किनाऱ्याला येतात. माद्या इथे पिल्लं घालतात, त्यांना पाजतात आणि पिल्लू लांबच्या प्रवासाला तयार झालं की परत फिरतात. जुलै-ऑगस्टमध्ये ते दिसण्याची शक्यता सर्वांत चांगली.

दुसरं कारण सूर्यास्ताचं. जूनच्या अखेरीस इथे संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. म्हणजे सहा-साडेसहाला पेंग्विनसाठी बेटावर उभं राहता येतं आणि रात्रीचं जेवण जेवणाच्याच वेळेला होतं. डिसेंबरमध्ये सूर्यास्त साडेआठच्या सुमाराला होतो, त्यामुळे पेंग्विनची वाट बघता बघता नऊ-साडेनऊ होतात. सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर हा फरक मोठा आहे.

हिवाळ्यात दिवसा १५ अंशांच्या आसपास तापमान असतं. आकडा ऐकून फार काही वाटत नाही. कॉजवेच्या मध्यावर दक्षिण महासागराचा वारा अंगावर आला की कळतं. स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट हवं आणि कानटोपी हवीच. छत्री नेऊ नका, ती उलटी होते. रेनकोट चालेल.

उन्हाळ्यातच जाणं भाग असेल तर देवमासे विसरा. ट्राम, फर सील, डॉल्फिन आणि उशिरा येणारे पेंग्विन एवढ्यावर दिवस आखा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेंग्विनांची पिसं गळून नवी येतात. त्या काळात दोन-अडीच आठवडे त्यांचं अंग पाण्यापासून राखलं जात नाही, त्यामुळे ते समुद्रात जात नाहीत, उपाशीपोटी जमिनीवरच बसून राहतात. विस्कटलेल्या पिसांचा पेंग्विन दिसला तर तो आजारी असेल असं समजून जवळ जाऊ नका.

दुसरी पायरी: एक रात्र तिथे काढा

एका दिवसात जाऊन येता येतं. तरीही एक मुक्काम करा असं मी सांगेन, कारण परतीचा रस्ता. पेंग्विन बघून निघेपर्यंत काळोख झालेला असतो आणि शहराबाहेर पडल्यावर रस्त्याला दिवे नाहीत. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. ते गाडीच्या उजेडाने थबकतात किंवा उलट गाडीच्याच दिशेने उडी मारतात. सवय नसलेल्या चालकाने हा धोका घेऊ नये. बेटावर राहायची सोय नाही, मुक्काम व्हिक्टर हार्बरमध्ये करायचा. समुद्रासमोरच्या रस्त्याजवळ जागा मिळाली तर गाडी एकदा लावली की दुसऱ्या दिवशीपर्यंत फारशी लागत नाही. शाळांच्या सुट्ट्यांमध्ये मात्र खोल्या लवकर भरतात.

तिसरी पायरी: पोचणं

गाडीने अ‍ॅडलेडच्या मध्यापासून सव्वा ते दीड तास. रस्ता माउंट कंपासवरून जातो, चांगला आहे. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. भारतातला लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटक म्हणून तो चालतो, पण भाड्याने गाडी देणारी कंपनी आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकते. तो निघण्याआधी काढून ठेवा, पुढे वाद घालावा लागत नाही. गाडी नसेल तर अ‍ॅडलेडहून कोच बस आहेत, पण फेऱ्या मोजक्याच. परतीची बस आधी बघा, मग जाण्याची.

मेलबर्नकडून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दक्षिण ऑस्ट्रेलियात फळमाशीमुळे बाहेरची ताजी फळं आणायला बंदी आहे. प्रवासात खायला घेतलेली केळी-सफरचंदं हद्दीपूर्वी संपवा किंवा टाकून द्या. दंड जबरदस्त आहे आणि 'माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही.

चौथी पायरी: सकाळ देवमाशांना द्या

सकाळी वारा बहुधा कमी असतो, पाणी शांत असतं आणि शांत पाण्यावर देवमासा ओळखणं सोपं जातं. त्यासाठी जागा निवडा ती उंचावरची. शहराच्या पश्चिमेला ब्लफ नावाची सुमारे शंभर मीटर उंचीची टेकडी आहे, नकाशावर तिचं नाव रोझेटा हेड. पायथ्याशी गाडी लावून वर चढायला वीसेक मिनिटं. गुडघे दुखत असतील तर वर जाऊ नका, पार्किंगपासूनही खाडीचा मोठा भाग दिसतो. पूर्वेला पोर्ट इलियटजवळ बॅशम बीच हीसुद्धा ओळखीची जागा, तिथे चढ नाही.

टेकडी चढण्याआधी शहरातल्या माहिती केंद्रात किंवा व्हेल सेंटरमध्ये विचारून घ्या की आज कुठे दिसलेत. व्हेल सेंटर रेल्वेच्या जुन्या मालगोदामात आहे. तिथे रोजच्या नोंदी मिळतात. आंधळेपणाने चार जागा धुंडाळण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम बरं.

आता बघायचं कसं. लोक शेपटी हवेत उडालेली शोधत बसतात, कारण पोस्टरवर तसाच फोटो असतो. पिल्लाबरोबरची मादी बहुतेक वेळ पाण्याच्या पृष्ठभागावर नुसती पडून असते. लांबून ती काळा खडक वाटते. म्हणून दुर्बीण न लावता आधी उघड्या डोळ्यांनी पाण्यावरून नजर सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा आणि असा खडक शोधा जो मघाशी तिथे नव्हता. मग दुर्बीण लावा. पाठ सपाट, वर पर नाही, आणि श्वास सोडला की फवारा व्ही आकारात दोन बाजूंना फुटतो, हे दिसलं की तो सदर्न राइट समजा. डोक्यावर पांढुरके खरबरीत चट्टे असतात. प्रत्येकाच्या चट्ट्यांची ठेवण वेगळी, त्यावरूनच अभ्यासक एकेक देवमासा ओळखतात. पूर्ण वाढलेला देवमासा १५ मीटरच्या आसपास लांब असतो, तेव्हा बाजूला लहान 'खडक' हलताना दिसला तर ते पाच-सहा मीटरचं पिल्लू आहे. एकदा सापडले की जागा सोडू नका. अर्धा तास काहीच घडणार नाही आणि मग पिल्लू एकदम आईच्या पाठीवर चढायला लागेल.

याच ब्लफच्या पायथ्याशी आणि ग्रॅनाइट आयलंडवर १८३७ साली देवमासे मारण्याची ठाणी सुरू झाली होती. हे मासे सावकाश पोहतात, किनाऱ्याजवळ येतात आणि मेल्यावर तरंगतात. शिकाऱ्यांना याहून सोपं काय हवं? काही वर्षांत इथले देवमासे जवळजवळ संपले. माद्या साधारण तीन वर्षांनी एकदा पिल्लू देतात, त्यामुळे संरक्षण मिळाल्यानंतरही संख्या फार हळू वाढते आहे. आज बोटींना देवमाशापासून निदान १०० मीटर आणि पिल्लू सोबत असेल तर ३०० मीटर लांब राहावं लागतं. ड्रोन घरीच ठेवा.

पाचवी पायरी: ट्राम

दुपारी शहरात परत या. ट्रामचा थांबा कॉजवेच्या तोंडाशीच आहे.

ही ट्राम कशी आली हे कळलं की बसण्यात जास्त मजा आहे. मरे नदीतून आगबोटी लोकर आणि धान्य घेऊन मुखाजवळच्या गुलवा गावापर्यंत येत, पण नदीचं मुख इतकं धोकादायक की तिथून समुद्रात जहाज नेणं म्हणजे जुगार. म्हणून १८५४ साली गुलवा ते पोर्ट इलियट असे लोखंडी रूळ टाकले आणि त्यावर घोड्यांनी मालाचे डबे ओढले. ऑस्ट्रेलियातली ही पहिली सार्वजनिक लोखंडी रेल्वे. पोर्ट इलियटच्या बंदरात जहाजं फुटायला लागली तेव्हा रूळ १८६४ साली व्हिक्टर हार्बरला आणले, आणि १८७५ साली लाकडी कॉजवे बेटापर्यंत पोचला, कारण मोठ्या जहाजांना बेटाच्या आडोशाला उभं करणं सोयीचं होतं. पुढे मालवाहतूक दुसऱ्या मार्गांनी गेली, बंदर ओस पडलं. हवा खायला येणारे लोक मात्र वाढले. त्यांच्यासाठी १८९४ च्या डिसेंबरमध्ये घोड्याची दुमजली ट्राम सुरू झाली. ती १९५४ साली बंद पडली आणि राज्याच्या दीडशेव्या वर्षी, १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाली. डबे तेव्हा जुन्या धर्तीवर नव्याने बांधले. जुना लाकडी कॉजवे थकला म्हणून शेजारी काँक्रीट आणि पोलादाचा नवा बांधला, तो डिसेंबर २०२१ मध्ये उघडला. ट्राम आता त्यावरून जाते. लाकडाचा तो खडखडाट गेला, याची हळहळ जुन्या लोकांना अजून आहे.

बसताना वरचा मजला घ्या. तो उघडा आहे, वारा खूप लागतो, पण दोन्ही बाजूंचं पाणी तिथूनच दिसतं. जाताना उजवीकडे सकाळी चढलेला ब्लफ दिसेल. जिना अरुंद आणि उभा आहे, आजी-आजोबांना खालीच बसवा. एका फेरीला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

ट्राम ओढतो तो क्लाइड्सडेल जातीचा घोडा, एकटाच. खूर बशीएवढे, त्यावर पांढऱ्या केसांची झालर. एवढा दुमजली डबा माणसांसकट एक घोडा कसा ओढतो असं वाटतं, पण पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने फिरतं. जोर लागतो तो डबा जागचा हलवताना. तो क्षण बघायला पुढे उभे राहा: घोडा मान खाली घालतो, पुढे झुकतो, साखळ्या ताणल्या जातात, क्षणभर काहीच होत नाही आणि मग डबा सुटतो. नंतर तो आरामात चालत असतो. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर लगेच उतरून पळू नका. ट्राम वळत नाही, घोडा वळतो. त्याला सोडतात, डब्याच्या बाजूने फिरवून दुसऱ्या टोकाला आणतात आणि पुन्हा जुंपतात. लहान मुलांना प्रवासाइतकंच हेही आवडतं. हात लावण्याआधी चालकाला विचारा. खायला काही देऊ नका.

तिकीट एकेरी काढा आणि येताना चालत या. कॉजवे सपाट आणि रुंद आहे, व्हीलचेअर आणि बाबागाडी सहज जाते. चालताना कठड्यावरून खाली बघितलं तर पाण्यातले मासे दिसतात, नशीब असेल तर डॉल्फिनही. कडक ऊन किंवा वादळी वारा असला की घोडे बाहेर काढत नाहीत, तेव्हा निघण्याआधी त्या दिवशीच्या फेऱ्या आहेत ना हे बघून घ्या. शेवटची ट्राम दुपारी उशिरा सुटते, संध्याकाळी नाही.

आणि रेल्वेचं वेड असेल तर

गुलवा ते व्हिक्टर हार्बर या जुन्या रुळांवर आजही कॉकल ट्रेन धावते. स्टीमरेंजर ही स्वयंसेवकांची संस्था ती चालवते. अर्धा तास लागतो, रूळ बऱ्याच ठिकाणी समुद्राच्या अगदी कडेने जातात. ती रोज नसते. बुधवारी, रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी धावते, तारखा बघून घ्या. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे काही दिवस शेकोटीसुद्धा बंद असते, अशा दिवशी वाफेच्या इंजिनाऐवजी डिझेल लावतात. वाफेचंच इंजिन हवं असेल तर हिवाळा याही हिशेबाने बरा. दोन दिवस असतील तर ही गाडी दुसऱ्या दिवशी ठेवा आणि वाटेत पोर्ट इलियटला उतरून बेकरीतली भाज्यांची पेस्टी, म्हणजे मैद्याच्या पारीत भाज्या भरून भाजलेला पदार्थ, खा. शाकाहारी माणसाला या भागात गरम आणि पोटभरीचं ते एक खात्रीचं खाणं आहे.

सहावी पायरी: बेटाची फेरी

ट्राममधून उतरलात की बेटाभोवती काइकी वॉक नावाची दीडेक किलोमीटरची पायवाट आहे. काइकी हे इथल्या रामिंजेरी लोकांनी बेटाला दिलेलं नाव. वाट चांगली बांधलेली आहे, थोडा चढउतार आहे. चाळीस मिनिटं म्हणतात, पण तुम्हाला तास लागेल, कारण ते दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात थिजलेला हा ग्रॅनाइट वारा-पाण्याने गोल होत होत अक्राळविक्राळ झाला आहे आणि त्यावर नारिंगी दगडफुलाचा थर चढला आहे. उतरत्या उन्हात तो रंग पेटल्यासारखा दिसतो, त्यामुळे चारच्या पुढे इथे असणं चांगलं.

दक्षिणेच्या बाजूला खबरदारी घ्या. तिथून पुढे अंटार्क्टिकापर्यंत लाटांना अडवणारं काही नाही. दहा लाटा शांत येतात आणि अकरावी वाटेच्या खालच्या खडकांवरून फिरते. काळपट, ओलसर खडक म्हणजे तिथपर्यंत पाणी येतं; त्यावर सेल्फीसाठी उतरू नका. खडकांवर पहुडलेले फर सील दिसतात, ते ओळखायला दुर्बीण लागते कारण रंग खडकाचाच. काळे, लाल चोचीचे ऑयस्टरकॅचर पक्षी जोडीने फिरत असतात. कुत्रा बेटावर नेता येत नाही. सीगलना काही खायला घालू नका, एकाला दिलंत की चाळीस येतात.

सातवी पायरी: पेंग्विन

इथे अपेक्षा आधीच जुळवून घ्या. हे जगातले सर्वांत लहान पेंग्विन, जेमतेम ३३ सेंटिमीटर उंच, वजन किलोभर, पाठ निळसर. मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडसारखी शेकड्यांची मिरवणूक इथे नाही. २००१ च्या गणनेत या बेटावर दीड हजारांवर पेंग्विन होते. दहा-बारा वर्षांत ते काही डझनांवर आले. फर सील, कोल्हे-कुत्रे, अन्न कमी होणं, माणसांचा त्रास अशी बरीच कारणं मांडली जातात. तेव्हा एका रात्री दोन-चार दिसले तर चांगली रात्र समजा.

स्वतःच्या मनाने अंधारात फिरू नका, वाटाड्याबरोबरच्या फेरीत जा. माणसं मर्यादित घेतात, म्हणून आधी नोंदवा. पेंग्विनांना पांढरा उजेड सहन होत नाही. डोळे दिपले की ते पाण्याकडे परततात आणि बिळात वाट बघणारं पिल्लू उपाशी राहतं. म्हणून लाल टॉर्च वापरतात. फ्लॅश बंद, आणि मोबाइलची स्क्रीनसुद्धा खिशात. या उजेडात फोटो येत नाहीतच, त्यामुळे प्रयत्न सोडून दिलात तर तुमचाच फायदा.

पेंग्विन बहुधा आधी ऐकू येतात. एवढ्याशा पक्ष्याचा आवाज घोगरा, गाढवाच्या ओरडण्याच्या जवळ जाणारा. मग माशांचा उग्र वास येतो. पाण्यातून वर आल्यावर ते खडकाच्या कडेला बराच वेळ थबकतात, सगळं शांत आहे ना हे बघतात आणि मगच धावत वाट ओलांडतात. त्यांच्या आणि बिळाच्या मध्ये तुम्ही उभे असाल तर ते तिथेच थांबून राहतील. दगडाला पाठ टेकून स्थिर उभे राहा, बोलू नका.

बेत फिसकटला तर

ट्राम रद्द असेल तर कॉजवेवरून चालत जा आणि घोडे दुसऱ्या दिवशी सकाळी गाठा. मुक्कामाचा हाही उपयोग. ब्लफवरून देवमासे दिसले नाहीत तर व्हेल सेंटरला पुन्हा विचारून बॅशम बीचला जा. सकाळी एका जागी दिसलेले देवमासे दुपारी सरकलेले असतात. पाऊस लागला तर व्हेल सेंटर आणि जुन्या कस्टम हाउसमधलं संग्रहालय यांत दोन-तीन तास सहज जातात. एन्काउंटर बे हे या खाडीचं नाव १८०२ च्या एप्रिलमध्ये पडलं: इंग्रज मॅथ्यू फ्लिंडर्स आणि फ्रेंच निकोला बोदँ हे दोघे आपापल्या जहाजांतून हाच किनारा मोजत येताना इथे समोरासमोर आले. त्या काळची माहितीही संग्रहालयात आहे. पेंग्विन फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे नोंदणी करतानाच विचारून ठेवा.